अंतर कोणी ठेवायचं?

पेडणे तालुक्यात काजूचा हंगाम मार्चमध्ये रंगात येतो आणि मे सरता सरता आटोपतो. २०२० साली तो नेमका टाळेबंदीत सापडला. माझी मावशी तेव्हा ७८ वर्षांची होती. पहाटे डोंगरावर जायचं, रात्रीत गळून पडलेले बोंडू वेचायचे, पिळा देऊन बी सोडवायची, बी पिशवीत आणि बोंडू डब्यात. लग्न होऊन त्या घरात आली तेव्हापासूनचं हे तिचं काम. त्या एप्रिलमध्ये घरच्यांनी तिला उंबऱ्यावरच अडवलं. टीव्हीवर सांगितलंय, वय झालेल्यांनी बाहेर पडायचं नाही. तिने ऐकलं. त्या वर्षी अर्ध्याहून जास्त बी झाडांखालीच राहिली आणि पावसात रुजून गेली.

जुलैत तिचा नातू वेर्ण्याच्या कारखान्यातून पाळी संपवून घरी आला. बसमधून उतरला, हात धुतले आणि रोजच्यासारखा तिच्या शेजारी येऊन टीव्ही बघत बसला. मावशी सरकून बसली आणि म्हणाली, ‘‘माका घरांत बस म्हणटात, पुण तूं खंयसून येता तें कोण विचारता?’’

या एका प्रश्नाचं उत्तर ज्या सल्ल्यात नाही, तो सल्ला अपुरा आहे असं माझं मत आहे. साथीच्या काळात वृद्धांनी स्वतःहून लोकांपासून दूर राहावं, या म्हणण्याला माझा विरोध नाही. उलट पुढची साथ आली तर मी स्वतः माझ्या घरच्या म्हाताऱ्या माणसांना हेच सांगेन. पण हा सल्ला आपण ज्यांच्या नावे काढतो ते त्याचे अर्धेच धनी असतात. उरलेला अर्धा सल्ला नातवाच्या, सुनेच्या, शेजाऱ्याच्या आणि सरकारच्या नावे असतो, आणि तो अर्धा आपण कधी मोठ्याने वाचलाच नाही.

आधी सल्ला का बरोबर होता ते बघू. वय वाढलं की शरीराची नव्या जंतूशी लढण्याची ताकद मंदावते. जोडीला मधुमेह, रक्तदाब, हृदयाचं दुखणं असेल तर तोच विषाणू, जो नातवाला तीन दिवसांच्या तापावर सोडून देतो, तो आजीला प्राणवायूच्या नळीपर्यंत नेतो. गोव्यात ही गोष्ट जास्तच लागू पडते. २०११ च्या जनगणनेत साठी ओलांडलेल्यांचं प्रमाण केरळात १२.६ टक्के आणि त्याखालोखाल गोव्यात ११.२ टक्के होतं. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आयसीएमआर-इंडियाब पाहणीत गोव्यात मधुमेहाचं प्रमाण २६.४ टक्के आढळलं, देशात सर्वांत जास्त. म्हातारं आणि साखरेचं राज्य आहे हे. इथे वृद्धांना जपा असं सांगणाऱ्याला कोणी भेकड म्हणू नये.

पण सांगितलं कसं आणि कधी? १९ मार्च २०२० च्या भाषणात पंतप्रधानांनी साठी-पासष्टीच्या पुढच्यांना काही आठवडे घरातच राहण्याची विनंती केली. १ मेच्या केंद्रीय आदेशात पासष्टीच्या वरच्यांनी घरात राहायचंच, अत्यावश्यक गरज आणि औषधोपचार एवढीच सूट, अशी भाषा आली. ३० मेच्या आदेशात तीच ओळ मऊ झाली आणि घरात राहण्याचा ‘सल्ला’ उरला. आता हे गोव्याच्या पंचांगाशी ताडून पाहा. २५ मार्चला गोव्यात पहिले तीन रुग्ण सापडले, एकूण सात झाले, आणि १९ एप्रिलपर्यंत सातही बरे झाले. त्यानंतर मेच्या मध्यापर्यंत राज्यात एकही रुग्ण नव्हता. म्हणजे आजार नव्हता तेव्हा मावशीवर सक्ती होती. जूनच्या पहिल्याच दिवसांत वास्कोच्या मांगोर हिलवर साथ फुटली, तिथून ती तालुक्या-तालुक्यांत पसरू लागली, आणि नेमका तेव्हा सक्तीचा सल्ला झाला होता. दिल्लीच्या आदेशाला गोव्याचं गणित ठाऊक असण्याची अपेक्षा नाही, पण ते पणजीला, तालुक्याला, पंचायतीला ठाऊक होतं. आजार नसताना डोंगरावर जाऊ दिलं असतं आणि आजार आल्यावर घरात बसायला सांगितलं असतं, तर म्हाताऱ्या माणसांनी सल्ल्यावर जास्त विश्वास ठेवला असता. लांडगा आला रे आला ही गोष्ट त्यांनीच आपल्याला सांगितलेली आहे.

गोव्यातला कोविडचा पहिला मृत्यू २२ जून २०२० चा. डिचोलीला लागून असलेल्या सत्तरी तालुक्यातले ८५ वर्षांचे एक गृहस्थ. सुरुवातीचे बहुतेक रुग्ण परदेश प्रवास करून आलेले होते. विमानतळापासून सत्तरीतल्या खेड्यापर्यंत विषाणूने तीन महिन्यांत जो प्रवास केला, तो म्हाताऱ्या पायांनी केलेला नाही. तो कामावर जाणाऱ्या, कामावरून येणाऱ्या, बाजार करणाऱ्या, गाडी चालवणाऱ्या माणसांनी केला. त्यांचा दोष नाही. पोटासाठीच जात होते. पण साखळी कुठे तोडायची हा प्रश्न आला की आपण सगळ्यात कमी फिरणाऱ्या माणसाला सांगतो, तू फिरू नकोस.

या बाबतीत स्वीडनचा अनुभव डोळ्यांत अंजन घालणारा आहे. तिथे मार्च २०२० मध्ये सत्तरीच्या पुढच्यांना लोकांशी संपर्क कमी करा असं सांगितलं गेलं, सक्ती न करता. लोकांनी बऱ्याच अंशी ते पाळलंही. तरी वृद्धाश्रमांत माणसं दगावली. तिथल्याच चौकशी आयोगाने डिसेंबर २०२० मध्ये स्पष्ट लिहिलं की वृद्धांचं रक्षण करण्यात देश अपयशी ठरला, आणि त्याचं सर्वांत मोठं कारण म्हणजे समाजात एकंदर झालेला फैलाव. बाहेर आग लागलेली असताना एका खोलीचं दार लावून घेतलं म्हणून धूर आत यायचा थांबत नाही. वृद्धांची काळजी घेणारे हात शेवटी बाहेरूनच येतात.

ऑक्टोबर २०२० मध्ये तीन शास्त्रज्ञांनी ग्रेट बॅरिंग्टन जाहीरनामा काढला. दुबळ्यांना जपा आणि बाकीच्यांनी नेहमीसारखं जगावं, असा त्याचा गाभा. त्यांची एक चिंता खरी होती. टाळेबंदीने गरिबांचं आणि मुलांचं जे नुकसान केलं ते त्यांना दिसत होतं, आणि ते इतर अनेकांना दिसत नव्हतं. पण दुबळे आणि बाकीचे यांच्यामध्ये भिंत आहे असं ते धरून चालले होते. डिचोलीतल्या एखाद्या घरी जाऊन ही भिंत शोधावी. तीन खोल्यांत आजोबा, मुलगा, सून, दोन नातवंडं. न्हाणीघर एक, चूल एक, पंखा एक. दुबळं आणि धडधाकट माणूस एकाच तपेलीतली पेज खातात. त्या घरात आजोबांना जपायचं तर मुलाला नेहमीसारखं जगता येणार नाही, एवढं सरळ आहे.

शब्दांचाही दोष आहे. ‘सामाजिक अंतर’ हा शब्द मला पहिल्या दिवसापासून खटकला. आपल्या समाजात सामाजिक अंतर कोणी कोणापासून ठेवलं, विहिरीवर, देवळाच्या पायरीवर, लग्नाच्या पंगतीत, हे आपण जाणतो. ज्यांनी ते भोगलं त्यांच्या कानांवर हा शब्द नव्याने घालणं ही बेपर्वाई होती. जागतिक आरोग्य संघटनेने मार्च २०२० मध्येच ‘शारीरिक अंतर’ म्हणावं असं सुचवलं होतं. आम्ही मात्र जुनाच शब्द फलकांवर रंगवत राहिलो.

आणि शब्द शोधायला फार लांब जायची गरज नव्हती. डिचोली तालुक्यातल्या शिरगावच्या लईराई देवीचे धोंड बघा. जत्रेआधीचे काही दिवस हे लोक व्रत धरतात. घरापासून वेगळे राहतात, आपलं अन्न आपण शिजवतात, खाण्यापिण्याचे नियम पाळतात, आणि वैशाख शुद्ध पंचमीच्या रात्रीनंतर पहाटे अग्निदिव्य करतात. कोणी त्यांना घराबाहेर काढलेलं नसतं. ते आपणहून दूर होतात, आणि गाव त्यांना त्यासाठी मान देतं. व्रत सुरू होण्याचा दिवस ठरलेला, संपण्याचा दिवस ठरलेला, आणि सोबतीला बरोबरीचे धोंड. २०२० साली ती पंचमी २८ एप्रिलला, भर टाळेबंदीत आली. ज्या तालुक्याला असं दूर राहणं पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे, त्या तालुक्यातल्या आजोबांना समजावताना एकाही सरकारी पत्रकाला धोंडांची आठवण झाली नाही, याचं मला आजही वाईट वाटतं. ‘‘आजोबा, हे व्रत धरा, इतके दिवस, आम्हीही तुमच्याबरोबर धरतो’’ असं सांगितलं असतं तर त्यांना ते लगेच कळलं असतं.

पत्रादेवीची हद्द ओलांडून सिंधुदुर्गात गेलात तर मालवणजवळच्या आचऱ्याची गावपळण आहे. रामेश्वराचा कौल मिळाला की सारं गाव गुरंढोरं, कोंबड्या, भांडीकुंडी घेऊन वेशीबाहेर जातं आणि तीन दिवस, तीन रात्री झोपड्यांत राहतं. त्यात म्हातारी माणसं असतात आणि पाळण्यातली पोरंही. गाव रिकामं करायचं तर सगळ्यांनी करायचं, हा तिचा नियम. कोणा एकाला ‘तू जा’ म्हणत नाहीत. मी या चालीरीतींना शास्त्र म्हणत नाही. त्या आजार थांबवतात असाही माझा दावा नाही. माझं म्हणणं एवढंच की दूर होण्याला मान असला, मुदत असली आणि सोबत असली तर माणूस ते आनंदाने करतो. आणि या तिन्ही गोष्टी काढून घेतल्या की त्याच दूर होण्याला तो वाळीत टाकणं समजतो.

मग आली चतुर्थी. २२ ऑगस्ट २०२०. गोव्यात गणपती मूळ घरातच पुजला जातो. पणजीत फ्लॅट असो, मडगावात बंगला असो, चवथीला माणूस गावच्या जुन्या घरी येतोच. भाऊ, काके, त्यांची बायकापोरं, सगळी एका छपराखाली. वर माटोळी बांधलेली, खाली घुमट, शामेळ, कासाळं, आणि दाटीवाटीने उभं राहून तास-दीड तास मोठ्या आवाजात आरत्या. हवेतून पसरणाऱ्या आजाराला यापेक्षा सोयीची जागा नाही. आणि त्या आरतीचा पहिला सूर कोण लावतं? घरातला सर्वांत वयस्क माणूस. त्याला म्हणायचं, बाबा, तुम्ही आतल्या खोलीत बसा?

काही घरांनी त्या वर्षी फार शहाणपणाने वाट काढली. आमच्या नात्यातल्या एका घरात मुंबईहून येणारं कुटुंब आलंच नाही, पणजीचे दोघे भाऊ आठ दिवस आधी येऊन मांगराच्या खोलीत राहिले, आणि आरती माजघराऐवजी अंगणात झाली. म्हातारे काका सोप्यावर, आपल्या नेहमीच्या जागी, आणि घुमट वाजवणारी पोरं तुळशीपलीकडे. दीड दिवसात विसर्जन. काकांनीच पहिला सूर लावला. इतर काही घरांनी मात्र काकांना आतल्या बिनखिडकीच्या खोलीत बसवलं आणि बाहेर वीस जण गोळा केले. सप्टेंबर हा गोव्याच्या पहिल्या लाटेचा सर्वांत वाईट महिना ठरला.

त्या अंगणाबद्दल आणि सोप्याबद्दल थोडं थांबून बोलायला हवं, कारण सगळ्यात मोठी चूक तिथे झाली. ‘घरात राहा’ आणि ‘अंतर ठेवा’ हे दोन वेगळे सल्ले आहेत, आणि आपण ते एकच मानले. हा विषाणू कोंडलेल्या हवेत रेंगाळतो. केंद्र सरकारच्या मुख्य वैज्ञानिक सल्लागारांच्या कार्यालयाने २० मे २०२१ ला खिडक्या-दारं उघडी ठेवा, हवा खेळती ठेवा असं स्पष्ट सांगितलं. सूक्ष्म कण दहा मीटरपर्यंत जाऊ शकतात हेही सांगितलं. तोवर दुसरी लाट अर्धी होऊन गेली होती. काजूच्या डोंगरावर एकटी बोंडू वेचणारी बाई गावातली सर्वांत सुरक्षित बाई होती, आणि तिला आपण बंद खोलीत, कामावरून आलेल्या नातवाशेजारी आणून बसवलं. पेडण्या-डिचोलीच्या जुन्या घरांना समोर पडवी आहे, बसायला सोपो आहे, रस्त्यावरून जाणाऱ्याशी चार हात लांबून बोलण्याची सोय आहे. पोदेराची, म्हणजे पाववाल्याची, भोंगा वाजवत जाणारी सायकल, शाळेतून येणारी पोरं, शेजारीण, सगळ्यांशी तिथूनच बोलणं होतं. घर बांधणाऱ्याने ती जागा म्हाताऱ्या माणसाला जगाशी जोडून ठेवण्यासाठीच जणू ठेवली होती. ती न वापरता आपण माणसं आत नेली.

यावर कोणी म्हणेल, म्हातारी माणसं ऐकत नाहीत, त्यांच्यावर सक्तीच हवी. बुधवारी डिचोलीच्या बाजारात, शुक्रवारी म्हापशाच्या बाजारात ती दिसतातच. खरं आहे, दिसतात. पण कशासाठी जातात ते विचारा. दयानंद सामाजिक सुरक्षा योजनेचे महिन्याचे २००० रुपये बँकेत जमा झाले का बघायला. रक्तदाबाच्या गोळ्या आणायला. परसातली चार अळूची पानं आणि वाल विकायला. ज्याला या कामांसाठी दुसरं कोणी नाही त्याला सक्ती करणं म्हणजे गोळ्या चुकवायला लावणं. आणि ज्याला दुसरं कोणी आहे, त्याच्या बाबतीत त्या दुसऱ्याने ते काम केलं की सक्तीची गरजच उरत नाही. तीन महिन्यांच्या गोळ्या एकदम द्या, पैसे घरपोच द्या, भाजी दारातून उचला. मग बघा कोण बाजारात जातं ते.

वयावरून सरसकट बंदी घालणं न्यायाच्या कसोटीवरही टिकलं नाही. महाराष्ट्र सरकारने चित्रीकरणाच्या जागी पासष्टीच्या वरच्या कलाकारांना मज्जाव केला होता. ७० वर्षांचा एक अभिनेता मुंबई उच्च न्यायालयात गेला, आणि ७ ऑगस्ट २०२० ला न्यायालयाने ती अट भेदभावाची ठरवून रद्द केली. पोट हातावर असलेल्या माणसाला इतर ठिकाणी जायला मुभा आणि कामावर जायला बंदी, हे न्यायालयाला पटलं नाही. मला हा निकाल पटतो. आणि त्याच वेळी मला असंही वाटतं की त्या अभिनेत्याशेजारी उभ्या राहणाऱ्या तरुणांनी मास्क लावला आणि ताप आल्यावर घरी थांबले, तरच त्या निकालाने त्याचं भलं झालं.

आणखी एक हिशेब आपण कधी मांडला नाही. पंचविशीतल्या माणसाचं एक वर्ष आणि ७८ वर्षांच्या बाईचं एक वर्ष सारखं नसतं. तिच्याकडे मोजके हंगाम उरलेले असतात. त्यातला एक काजूचा हंगाम, एक चवथ, माहेरची एक फेरी काढून घेताना आपण तिच्या उरलेल्या आयुष्याचा केवढा वाटा मागतोय याची जाण ठेवायला हवी. घरात बसून बसून पायांची ताकद जाते, भूक जाते, बोलणं कमी होतं. मावशीचा गुडघा त्या पावसाळ्यात जो धरला तो पुन्हा पुरता सुटला नाही. म्हणून मागायचं तेवढंच मागावं आणि ज्या दिवसांत खरंच गरज आहे त्याच दिवसांत मागावं.

आणि सरकारही काही देणं लागतं. म्हाताऱ्या माणसांना घरात बसवणारं सरकार त्यांना एक वचन देत असतं, की एवढं करूनही तुम्ही आजारी पडलात तर आम्ही आहोत. मे २०२१ च्या सुरुवातीला गोव्यात चाचणी झालेल्यांपैकी जवळजवळ निम्मे बाधित निघत होते. ११ मेच्या पहाटे बांबोळीच्या गोवा वैद्यकीय महाविद्यालयाच्या इस्पितळात २६ रुग्ण दगावल्याचं आरोग्यमंत्र्यांनीच सांगितलं आणि उच्च न्यायालयाने चौकशी करावी अशी मागणी केली. प्राणवायूच्या पुरवठ्यातला खंड हा तेव्हा न्यायालयापुढचा प्रश्न होता. पेडण्यापासून सत्तरीपर्यंतचा आणि सावंतवाडी-दोडामार्गचाही गंभीर रुग्ण शेवटी याच इस्पितळात जातो. सव्वा वर्ष उंबऱ्याबाहेर पाऊल न टाकलेली माणसं त्या वॉर्डांत होती. त्यांनी आपल्या वाटणीचं काम चोख केलं होतं. साथ संपेपर्यंत गोव्यात चार हजारांहून जास्त माणसं गेली.

पुढच्या वेळी सल्ल्याचा कागद निघेल तेव्हा त्यावर पहिलं नाव घरातल्या कमावत्या माणसाचं असावं. तू कुठून येतोस, कोणत्या खोलीत झोपतोस, आईच्या गोळ्या कधी आणतोस, तिच्याशी कुठे बसून बोलतोस, हे त्याला विचारलेलं असावं. पंचायतीने कोणत्या घरात एकटं माणूस आहे याची यादी हातात ठेवावी. एप्रिल २०२१ मध्ये टीका उत्सवात लस गावागावांत नेता आली, तर गोळ्या आणि पैसेही नेता येतील. आणि कागदाच्या तळाशी तारीख असावी. अमुक दिवसापर्यंत, मग पुन्हा बघू, आणि संपलं की येऊन सांगू.

ते सांगणं राहून गेलं. टाळेबंदी उठल्याचे आदेश निघाले, शाळा उघडल्या, जत्रा भरल्या, पण मावशीला कोणी म्हटलं नाही की आता जा. दोन डोस झाले तरी ती पडवीच्या पायरीपर्यंतच यायची. त्या जुलैनंतर नातू मांगरात झोपायला लागला होता, जेवण पडवीच्या दुसऱ्या टोकाला. दोन वर्षं त्याने ते पाळलं, पावसात मांगर गळायचा तरी. २०२२ च्या मार्चमध्ये एका पहाटे तोच डबा आणि पिशवी घेऊन तिच्या दारात उभा राहिला. मावशीने आधी त्याच्याकडे पाहिलं, मग डोंगराकडे. गुडघ्यामुळे तिला वरपर्यंत चढवेना. पहिल्या झाडाखाली बसूनच तिने त्या दिवशी बोंडू पिळले, आणि वरचे तो आणून देत राहिला.